डोळे धुवायची बादली

प्रयोगशाळेत चार वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. आमचे सांगायला घेतले की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. सॅम्युएलमामा आमचे लॅब अटेंडंट. त्यांचा डावा डोळा पूर्वीच ॲसिडने गेलेला. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी दम, "जस्त आदी नळीत. मग ॲसिड थेंब थेंब. आन् नळीचं तोंड भिताडाकडं! माजा एकच डोळा उरलाय, त्यो जपा!"

*

पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांनी एकदा ॲसिड एकदम ओतलं. टेबलभर फेस! मामा फडकं घेऊन आले, "सर, जस्त कुटं पळून चाललंय व्हय?"

*

टँकर दोन दिवसांआड यायचा. तरी डोळे धुवायची बादली मामा भरलेली ठेवत. एकदा त्यांची बायको मार्थाबाई हंडा घेऊन आली.

"घरात प्यायला घोट न्हाई, आन् हितं बादली गच्च!"

"घरी तहान लागंल. हितं डोळा जाईल."

ती रिकामा हंडा घेऊन परत गेली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

*

प्राचार्यांनी नोटीस काढली, पाणी वाचवा. मी आज्ञाधारक! ॲसिड पातळ करताना पाणी निम्मंच घेतलं, म्हणजे ॲसिड जवळपास दुप्पट जहाल. कुणाला बोललो नाही.

त्याच दुपारी तपासणीला साहेब आले. त्यांना हातपाय धुवायला प्राचार्यांनी आमची बादली उचलून नेली. इकडे एका पोराने जस्तावर ॲसिड भसकन ओतलं आणि वाकून नळीत बघायला लागला. मामांनी त्याला ढकललं. उसळलेलं ॲसिड त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं.

पाणी शोधून आणेपर्यंत उशीर झाला होता. त्या निम्म्या पाण्याची लाज मला अजून वाटते.

*

दोन महिन्यांनी मामा मार्थाबाईंचा हात धरून लॅबच्या चाव्या परत द्यायला आले. प्रॅक्टिकल चालू होतं, नळीत जस्त फसफसत होतं. मामा दारातच थबकले.

"कोन हाय रं तिकडं? जस्त लई वराडतंय. ॲसिड थांबव!"

एका पोराने घाबरून हात मागे घेतला.

प्राचार्यांनी चाव्यांसाठी हात पुढे केला. मामांनी जुडगा घट्ट धरला.

"सर, बादलीत पानी हाय?"

प्राचार्य वाकले, बाहीसकट बादलीत हात घातला आणि पाणी जोरात हलवलं.

मामांनी कान देऊन ऐकलं. मग जुडगा सोडला.