गायीला ढेप, सुनेला मूठभर भात

दवनीवाड्याच्या देवकाबाईला सगळं गाव मानायचं, आणि त्यातलं निम्मं तिला घाबरायचंही. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तिच्या शेतातल्या बांधीवर बाया हौसेनं यायच्या, कारण ती हात आखडता न घेता जेवू घालायची. दारावरून कुणी उपाशी गेलं तर तिला चैन पडत नसे. पहारा असायचा तो एकाच ताटावर, घरातल्या पोटुशी बाईच्या.

त्याला कारण होतं. देवकाबाईचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. बाळ अंगानं मोठं, ही चणीनं लहान. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं. खाणं जास्त झालं, असं तेव्हा सुईण म्हणाली, आणि देवकाबाईनं ते मनात घट्ट धरून ठेवलं. पुढे मुलाच्या, चुन्नीलालच्या वेळी ती अर्ध्या पोटी राहिली. तो सुखरूप झाला म्हटल्यावर विषयच संपला.

म्हणून चुन्नीलालची बायको रेणू पहिल्यांदा पोटुशी राहिली, तेव्हा तिच्या ताटात मूठभर भात आणि पातळ वरण एवढंच पडू लागलं. अंडी उष्ण, मासळी बंद, दुधानं बाळ फुगतं. रेणू बोदलकशाची, तलावाकाठी वाढलेली. मासळीच्या रश्शाशिवाय तिचा घास उतरत नसे. पण नव्या सुनेनं बोलायचं तरी काय? हिमांशू झाला तो दोन किलोही भरला नाही. बाळंतपण मात्र चटकन झालं, म्हणून देवकाबाईनं आळीभर पेढे वाटले.

पुढे पोराचं दुखणं काही संपेना. सर्दी गेली की ताप, ताप गेला की जुलाब. पोटात असतानाच बाळाला पुरेसं मिळालं नाही, पुढच्या वेळी आईचं खाणं सांभाळा, असं दवाखान्यातल्या नर्सबाईनं समजावलं. देवकाबाईनं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन चुन्नीलालला विचारलं, त्या नर्सबाईचं लग्न तरी झालं आहे का.

रेणूला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती काही नवी सून राहिली नव्हती. गोठ्यातली लाल गायही त्याच सुमारास गाभण होती. देवकाबाई रोज सकाळी तिच्यासाठी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजवायची, वरून कोंडा घालायची. चुन्नीलालनं चारा कमी टाकला तर त्याचा उद्धार व्हायचा. रेणू भाजी निवडता निवडता हे सगळं पाहत असे. एका सकाळी तिनं सूप बाजूला सारलं.

"आई, गायीले एवढी ढेप काऊन देऊन राहिल्या?"

"काऊन म्हंजे? गाभण आहे ना वो. पोटातलं वासरू अशक्त निघालं त टिकन का ते?"

"मंग मले काऊन मूठभर भात?"

देवकाबाईनं घमेलं गायीपुढे आदळलं. आपलं काम कर, एवढंच म्हणून ती बांधीकडे निघून गेली. तिन्हीसांजेला घरी आली तेव्हा हिमांशू ओसरीवर झोपला होता. त्याच्या बरगड्या वर-खाली होताना ती कितीतरी वेळ बघत बसली. मग तिनं रेणूला जवळ बोलावलं आणि त्या गेलेल्या बाळाची गोष्ट सांगितली. चुन्नीलाललाही ती ठाऊक नव्हती.

"मले भेव वाटते, वो," ती म्हणाली. "तुहं अडलं त?"

"अडलं त दवाखान्यात डॉक्टर आहे," रेणू म्हणाली. "पन मले उपाशी नोका ठेवू."

दुसऱ्याच दिवशी चुन्नीलालची बोदलकशाला रवानगी झाली, सासऱ्याकडून ताजी मासळी आणायला. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची भाजी, अंडी, घट्ट वरण, चणे-गूळ, सगळं सुरू झालं. लोहाची गोळी गिळेपर्यंत देवकाबाई समोरून हलायची नाही. शेवटी रेणू जेवणाला कंटाळून शेजारच्या धुरपताच्या घरी जाऊन लपू लागली. दोन जीवांचं खायची गरज नाही, रोजच्यापेक्षा थोडं जास्त आणि चौरस खाल्लं की झालं, असं नर्सबाईनंच सांगितलं, तेव्हा कुठे सासूनं वाढायचा हात आवरला. तोही नाराजीनंच.

कळा सुरू झाल्या तशी रेणूला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. देवकाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. पाण्याचा घोटही घेईना. आत जरा आवाज झाला की उभी राहायची. नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली, चांगली तीन किलोची, टाहो फोडणारी. देवकाबाईनं नातीकडे पाहिलंही नाही.

"माय कशी आहे?" तिनं आधी विचारलं.

माय ठणठणीत होती आणि भूक लागली म्हणत होती. तेव्हा कुठे देवकाबाई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

ती मुलगी म्हणजे रुची. ती आता अंगणात कोंबड्यांच्या मागे धावते. हिमांशू अजून किडकिडीतच आहे, हवा पालटली की शिंकतो. पण उंचीनं वाढतो आहे आणि शाळा बुडवत नाही. त्याच्या ताटात आजी जरा जास्तच वाढते आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

गावात कुणाची सून पोटुशी असल्याचं कळलं की देवकाबाई त्या घरी बसायला जाते. आधी पाणी मागते, मग स्वयंपाकघरात शिरून भांड्यावरची झाकणं उघडते. परवा गरोदर चंदाच्या सासूनं तिला येताना पाहिलं आणि दाराची कडी लावून घेतली. देवकाबाई परसातून आत गेली.