गटाराचं विरजण

गावाचं सगळं सांडपाणी पूर्वी जनकाबाईच्या दारापुढं तुंबायचं. डोंगरकड्याजवळची ही वाडी, आणि तिचं घर नेमकं उताराला. मग पंचायतीनं ओढ्याकाठी कुंड बांधलं, त्यात खडी भरून वर कर्दळ लावली आणि देखरेखीला जनकाबाईला नेमलं. एका तोंडानं काळं पाणी आत जायचं, दुसऱ्या तोंडानं निवळशंख बाहेर यायचं.

"ह्ये कोन करून राहिलं?" तिनं इंजिनिअर निलम मॅडमला विचारलं.

मॅडमचे हात बोलण्याच्या दोन वाक्यं पुढं असायचे. "ॲक्च्युअली मावशी, खडीला जिवाणू चिकटलेले असतात. ते घाण खातात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"मंग तुमाला कसे दिसले?"

मॅडम हसल्या. जनकाबाईच्या अंगावर मात्र काटा आला. न दिसणारी लेकरं, अख्ख्या गावाची घाण खाऊन बसलेली! तेव्हापासून ती कुंडाच्या कडेला चपला काढून जायची.

आणि घात तिनंच केला. तालुक्याचे साहेब पाहणीला येणार, तर वास नको म्हणून तिनं कुंडात फिनाईलचा कॅन रिकामा केला. साहेब खूश होऊन गेले. पुढल्या बाजाराच्या आत कुंड नासलं. काळं पाणी काळंच बाहेर यायला लागलं, आणि दुर्गंधी अशी की लोक घास सोडून उठायचे.

सरपंच उकंडराव खाकरल्याशिवाय रामरामसुद्धा घालत नसत. ग्रामसभेत ते उठले. "पोळ्यापर्यंत, ह्हं, बघू. न्हाईतर जेसीबी लावून, ह्हं, बुजवू. पानी जाईल पहिल्यावानी. बराबर हाय का न्हाई?"

पहिल्यावानी म्हणजे कुणाच्या दारात, हे विचारायची गरज नव्हती. सगळे जनकाबाईकडंच बघत होते.

तिनं मॅडमला फोन लावला. "म्या मारलं वो त्यांना."

"चालू कुंडातली थोडी खडी आणि गाळ आणून टाका, मावशी. ॲक्च्युअली त्यातून नवे वाढतात."

"विरजण म्हना की."

असं चालू कुंड सेनगावकडं होतं, तिची नणंद द्वारकाबाई हिच्या परसामागं, तिच्याच राखणीत. जनकाबाई दुधाची किटली घेऊन एसटीनं पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

"वन्सं, तुमच्या कुंडातलं विरजण पायजे."

द्वारकाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "दिवा लागल्यावर विरजण देत न्हाईत."

"अवं, गटाराचं हाय ते."

"गटाराचं असो का गाईचं. माझ्या कुंडाची बरकत सांजचं बाहेर जात न्हाई. जेव आन् झोप."

जनकाबाईला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. वन्संनीही त्या न दिसणाऱ्या लेकरांना ओळखलं होतं.

सकाळी द्वारकाबाईनं चपला काढल्या आणि बुळबुळीत खडी ओंजळीनं किटलीत भरली. "फिनाईलवालीच्या हाती देऊन राहिले," ती म्हणाली. "आता तरी जीव लाव."

परतीच्या एसटीत कंडक्टर नाकातून बोलत आला. "मावशे, काय हाय त्यात?"

"विरजण."

"कशाचं?"

"तुमी खाऊ नका म्हंजे झालं."

तिला अख्खं बाकडं मोकळं मिळालं.

खडी तिनं कर्दळीच्या मुळांशी पुरली आणि ती वाट बघत राहिली. विरजण लावलं की ढवळायचं नसतं. रोज ती बाहेरच्या तोंडाशी वाकून वास घ्यायची. वास मरतोय की नाकाला सवय झालीय, काही केल्या कळेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ग्यानबा बैल धुवायला ओढ्यावर निघाला. कुंडापाशी बैल थांबला आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला त्यानं नाक लावलं. जनकाबाई त्याच्या नाकपुड्यांकडं बघत राहिली. नासक्या पाण्यावर बैल फुरफुरतो आणि मान फिरवतो.

"अरं चल की, गटाराचं हाय ते," ग्यानबानं कासरा ओढला.

बैल हलला नाही. डोळे अर्धे मिटून पीत राहिला.

मागून उकंडराव आले. खाकरले, बैलाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. मग हात झटकून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जेसीबी."

ते गेल्यावर जनकाबाईनं धारेखाली ओंजळ धरली. पाण्यातून तळहाताच्या रेषा लख्ख दिसत होत्या. ज्यांनी हे केलं, ते त्यात कुठंच दिसत नव्हते.