जाऊबाईंचा दगड आणि बॅरन बेट

निघताना थोरल्या जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "धाकटे, बेटावर उतरशील तेव्हा चप्पल काढू नको हां. माझे तळपाय भाजलेले."

आमच्या टेमघरच्या गल्लीत हे वाक्य न ऐकलेली बाई सापडायची नाही. जाऊबाई दोन वर्षांपूर्वी लेकाबरोबर अंदमानला जाऊन आल्या आणि येताना ज्वालामुखीचा म्हणून लिंबाएवढा काळा दगड घेऊन आल्या. तो त्यांच्या शोकेसमध्ये मखमलीवर बसतो. कुणाच्याही हळदीला गेलं, की बायका नवरीपेक्षा त्या दगडाची चौकशी जास्त करतात. माझा मुलगा म्हणाला, "आई, काशीला जाऊया." मी म्हटलं, काशी राहू दे. मला दगड आणायचाय, त्यांच्यापेक्षा मोठा.

नात मुग्धा कॉलेजात भूगोल शिकते. तिला बरोबर घेतलं.

पोर्ट ब्लेअरला (आता श्रीविजयपुरम म्हणतात) उतरलो आणि समुद्र बघून माझं डोकंच फिरलं. कमरेएवढ्या पाण्यातला मासा वरून दिसतो! आमच्या खाडीत हात घातला तर हातसुद्धा दिसत नाही. असलं पाणी या लोकांना फुकट मिळतं आणि ते त्याच्याकडे पाठ करून चहा पितात. जेवायला मोहरी वाटून लावलेली सुरमई होती. चांगली होती, पण मी दोनदा मागून घेऊन मग नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॅरन बेटाकडे बोट निघाली. वाटेत उडणारे मासे पाण्यातून सुळकन निघायचे आणि लांब जाऊन पडायचे. मुग्धा फोटो काढत होती, मी पिशवीत तोंड घालून ओकत होते. "आजी, अगं वर बघ!" म्हणाली, तेव्हा बेट समोर आलं होतं.

जुन्या डोंगराचं मोठं कडं, बाहेरून हिरवं. एका बाजूला ते फुटलेलं, आणि आत राखेचा सुळका, कोळशाच्या ढिगासारखा. फुटल्या बाजूने काळा लाव्हा थेट समुद्रापर्यंत येऊन थिजलाय. टोकावर जरासा धूर, विझत्या चुलीएवढा. मुग्धा सांगत होती, की हा शंभराहून अधिक वर्षं गप्प होता आणि तिच्या जन्माआधी परत पेटला. माणूस इथे राहत नाही. पण फार पूर्वी कुठल्याशा आगबोटीने सोडलेल्या शेळ्या अजून तगून आहेत म्हणतात. आणि खरंच, कड्यावर एक करडी शेळी उभी होती. चांगली धष्टपुष्ट.

मी पदर खोचला, रिकामी पिशवी काढली. बोटवाल्याला विचारलं, "भैया, छोटी डुंगी कब लगेगी?"

"किसलिए, अम्मा?"

"उतरने को. पत्थर लेना है."

"यहाँ कोई नहीं उतरता. मना है."

"हमारी जेठानी तो उतरी थी. पाँव जल गया उसका!"

तो हसायला लागला. "इतने साल बोट चलाया, मेरा खुद का पाँव नहीं लगा उधर."

खरं सांगते, एवढा आनंद मला मुलाच्या बारशालाही झाला नव्हता. बेटाला फेरी मारून होईपर्यंत मी गालात हसत होते. जाऊबाईंचा दगड! आमच्याकडे दापोड्याला गोदामांबाहेर खडीचे ढीग पडलेले असतात, तिथलाच असणार.

मग लक्षात आलं, की माझी पिशवीही रिकामीच राहणार. त्या शेळीला परवानगी आणि मला नाही.

माझं तोंड बघून मुग्धा म्हणाली, "आजी, दगडच हवा ना? आपल्याकडचा सगळा काळा पाषाण लाव्हाचाच आहे. करोडो वर्षांपूर्वीचा. तुझा पाटासुद्धा."

पाटा! आम्ही दोघी जावा वेगळ्या झालो तेव्हा सासूबाईंनी थोरलीला पितळी हंडा दिला आणि मला पाटा-वरवंटा. तेव्हाची मी म्हणजे नाकावर राग आणि डोक्यात भुसा. आठवडाभर रडले. माहेरी निरोप धाडला, की मला धोंडा दिला. रोज त्याच्यावर मिरची वाटायची आणि शेजारच्या हंड्याची चकाकी मोजायची. ज्वालामुखी बडवत बसले होते आणि येडीला पत्ता नव्हता.

परत आले त्या आठवड्यात शेजारी हळद होती. जाऊबाई हळद कालवत होत्या. एकीने विचारलंच, "काय गं, तूपण उतरलीस काय बेटावर? थोरलीचा दगड खरा हाय ना?"

जाऊबाईंचा हात वाटीत थांबला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. असा मुहूर्त मला लग्नापासून मिळाला नव्हता.

"मी न्हाय उतरले," मी म्हटलं. "पण दगड ज्वालामुखीचाच हाय. माझी नात शिकलीय, तिला विचारा."

हात परत फिरायला लागला.

"फक्त माझा मोठा हाय. उद्या या सगळ्या, मसाला वाटायला."

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊबाईच आल्या. पाट्यावरून हळूच हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला हाच पायजे होता, धाकटे. सासूबाईंनी मुद्दाम तुला दिला. रोज तुझ्या वाटणाचा आवाज यायचा आणि माझा जीव जळायचा."

एवढा समुद्र ओलांडून मी जळता डोंगर बघून आले, आणि हा भिंतीपलीकडे इतकी वर्षं धुमसत होता. मी चहा टाकला. दोघींनी मिळून मसाला वाटला.

हंडा मात्र त्यांनी अजून देऊ केलेला नाही.