लाल दिव्याचा कौल

आधीच सांगते — कौल, अंगारे, दृष्ट, यातलं काही मला पटत नाही. कुडाळच्या शाळेत विज्ञान शिकवते मी! तरी हे लिहितेय.

पिंगुळीजवळच्या आमच्या गावात मागच्या उन्हाळ्यात घडलेली गोष्ट. सासूबाईंचे गुडघे फार दुखायचे. अंगणातल्या तुळशीपर्यंत जातानाही त्या भिंत धरायच्या. मला बघवेना, म्हणून दुखऱ्या सांध्यांवर लाल उजेड टाकणारं रेड लाइट थेरपीचं पॅनल ऑनलाइन मागवलं. रोज वीस मिनिटं समोर बसायचं, झालं! सोबतचं माहितीपत्रक वाचायला वेळ कुणाला... उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे सुनेने ते सासूच्या गुडघ्याला बांधलं.

सासूबाई म्हणाल्या, "देवीक इचारल्याशिवाय माका नको गो. एकच डोळो रवलो आसा माजो."

"आई, दिवा गुडघ्यावर लावायचाय, डोळ्यावर नाही," मी हसले. तरी सकाळी देवळात गेलो.

गुरवकाकांनी देवीला गाऱ्हाणं घालून, म्हणजे आमचं म्हणणं सांगून, कौलासाठी मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अर्धा तास झाला... एकही पडेना. मी सारखी घड्याळ बघत होते. तेवढ्यात स्पष्ट ऐकू आलं — "गोळयो कसल्यो चालू आसत तिका, ता इचारलंस?"

गुरवकाका पाठमोरे उभे होते. मला वाटलं, तेच बोलले. आईंना कसल्या गोळ्या चालू आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

कौल तसाच सोडून घरी आले आणि आईंचा औषधांचा डबा उघडला. त्वचेच्या कसल्याशा गोळ्या होत्या. डॉक्टरांना फोन केला, तर ते चिडलेच. "या गोळ्या चालू असताना असा प्रखर उजेड सोसत नाही. त्वचा भाजेल, डोळ्यालाही धोका. आधी विचारायचं ना! गोळ्या संपू देत, मग बघू. तेही डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, थोडाच वेळ."

मी पॅनल परत खोक्यात भरलं. त्यांचा तो एकच डोळा...

संध्याकाळी गुरवकाकांचे आभार मानायला गेले, तर ते चक्रावले. "मी? मी तोंडसुद्धा उघडूक नाय गो!"

सासूबाईंना विचारलं. त्यांनीही तेच वाक्य ऐकलं होतं... पण बाईच्या आवाजात. आणि देवळात तर आम्ही तिघंच होतो.

कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. भीती मात्र वाटत नाही, लाज वाटते. पाच वर्षं एका घरात राहून जे मी विचारायला हवं होतं, ते दुसऱ्याच कुणीतरी विचारलं.