भागाबाईची सही

शब्दांच्या खोड्या काढायची मला फार खोड. एकदा ती अंगाशी आली.

१९९१ साली दोंडाईचाजवळच्या रस्त्याच्या कामावर मी मस्टर कारकून होतो. पंधरवड्याला मजुरी घेताना मजूर मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठे उठवत. खडी वाहणारी भागाबाई तीन महिने विहारातल्या साक्षरता वर्गाला जात होती. या पंधरवड्याला सही करणार, हे तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी मस्टरवर वाकून तिनं आपलं नाव वाचलं, मग पुढचा शब्द. 'बिगारी' म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं.

मजूर, मी म्हणालो. मग मजूरच का लिहीत नाही, तिनं विचारलं. मला उत्तर येईना, आणि ते मला खपत नाही. संध्याकाळी वाचनालयात जुना कोश उघडला. शब्द मूळ फारसी निघाला, बेगार. मोबदला न देता जबरदस्तीनं करून घेतलेलं काम. वेठबिगारीतला बिगार तो हाच. मी खूश.

सकाळी ही गंमत मी तिला ऐकवली. ती हसली नाही. तिचे सासरे आधारबाबा तरुणपणी साहेबांची ओझी फुकट या गावाहून त्या गावाला वाहत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं, त्यापायी गावाचा मारही खाल्ला. हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी तिची पाळी आली. मी पेन पुढे केलं. तिनं शाईचा पॅड ओढला.

"भाऊ, अंगठाले वाचता येत नही. त्यालेच लावू दे. त्या शब्दनाजोडे मी सही करत नही."

पुढच्या पंधरवड्याचं मस्टर मी नव्यानं लिहिलं, सगळ्यांच्या नावांपुढे 'मजूर'. कामावरचे साहेब कुरकुरले, पण चालवून घेतलं. भागाबाईनं आपली ओळ वाचली. मी पेन दिलं. तिनं ते हातात धरलं आणि पान उलटलं. एकेक नाव, एकेक शब्द, बोट ठेवून वाचत गेली. मागे रांग खोळंबली. शेवटच्या पानावर वना नावाच्या मजुराच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"भाऊ, वनाना नावपुढे राही गयं."

खरंच तिथे 'बिगारी' राहिलं होतं, हाताच्या सवयीनं. मी ते खोडून 'मजूर' लिहिलं. मग तिनं पान मागे उलटलं आणि सही केली.