पळत्या बाईचा सत्कार
कोऱ्या शालीचा वास आला की मला ती जर्मन धावपटू आठवते. नाशिकच्या मॅरेथॉनमध्ये ती सगळ्यांच्या पुढे होती आणि आमच्या महिला मंडळाने पाहुणी म्हणून वाटेतच तिचा सत्कार ठरवला होता. ‘मॅडम, वन मिनिट!’ म्हणत मीच रस्त्यात आडवी झाले. ती बिचारी थांबली. मी ओवाळलं, शाल पांघरली, तिच्या घामेजल्या हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, ‘काकू, परत एकदा, इकडे बघा.’ तेवढ्यात मागची मुलगी पुढे निघून गेली. बक्षीस घ्यायला ती जर्मन बाई दुसऱ्या नंबरावर आली, खांद्यावर आमचीच शाल. निवेदक म्हणाला, ही त्यांची शेवटची शर्यत. गर्दीतून मला शोधून तिने हसत हात जोडले. माझे हात वर येईनात. परवा माझ्या निवृत्तीला शाल पुढे आली, तेव्हा खांदा आपोआप मागे गेला.