चारातला एक

माझ्या मोठ्या बहिणीला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. ती लहान असताना डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, हा आजार चार लेकरांत एकाला होतो. आईनं लगेच हिशेब मांडला. पहिलीनं तो एक घेतला, म्हणजे पाठचा मी सुटलो. माझं रक्त मग कोणी तपासलंच नाही. लग्नात छत्तीस गुण मन लावून जुळवले, रक्ताचं नाव कोणी काढलं नाही.

ताईचे सांधे ठणकायला लागले की हिंगण्याच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेला मी मुकाट तिचे पाय चेपायचो. माझ्या वाटचं ती भोगते, असं वाटायचं.

बायकोला तिसरा महिना लागला आणि तपासणीत ती वाहक निघाली. वाहक म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण लेकराला देऊ शकणारी. मलाही तपासणीसाठी रक्त द्यायला बोलावलं. आई भडकली.

"तुले काहून रक्त द्यायचं गा? तुह्या ताईनं घेतला ना तो एक!"

मीही वाहक निघालो.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दोन वाट्या मांडल्या, एक माझी, एक बायकोची. प्रत्येकीत एक पांढरं बटण, एक काळं. काळं म्हणजे बिघडलेलं जनुक. "डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढा. दोन्ही काळी आली तर बाळाला आजार."

मी काढली. दोन्ही काळी. खरं सांगतो, मला हायसंच वाटलं.

"चला, एक निघाला. पुढचे तीन सुटले," मी म्हणालो.

बाईंनी बटणं परत वाट्यांत टाकली. "दर लेकराला नव्यानं काढायचं असतं."

मी पुन्हा काढली. पुन्हा दोन्ही काळी. माझं डोकंच चालेना. म्हणजे ताईनं माझ्या वाटचं काही घेतलंच नव्हतं? मग मी इतकी वर्षं काय समजून जगलो?

पोटातल्या बाळाची तपासणी झाली. रिपोर्ट यायचा होता, तेव्हा पाय चेपता चेपता मी ताईला बटणांचं सांगितलं.

"मले वाटे, माह्यामुळं निदान तू त सुटला. लय दुखे तेव्हा हेच मनात आणो मी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट माह्यासारखा आला त काय करसान तुम्ही दोघं?"

तिचा पाय माझ्या हातात होता. मला 'बाळ नको' म्हणता येईना, 'चालेल'ही म्हणता येईना.